कयाक आणि कनूसाठी पाण्यापर्यंतची सार्वजनिक वाट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नदी, तलाव किंवा खाडीवर कयाक-कनू चालवणाऱ्यांसाठी सार्वजनिक वाट करायची म्हटलं की तेच तेच प्रश्न पुढे येतात. वल्हेकरी विचारतात, काठावरचे जमीनमालक विचारतात, पूल आणि बंधारे सांभाळणारे अभियंतेही विचारतात. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो: अडचण बहुतेक वेळा पाण्यात नसते. रस्ता संपतो तिथून पाणी लागेपर्यंतच्या तीस-चाळीस मीटरांत ती असते.

कयाक आणि कनू यांत फरक काय? आणि वाटेशी त्याचा काय संबंध?

कयाकमध्ये पाय पुढे पसरून अगदी पाण्यालगत बसतात आणि वल्ह्याला दोन्ही टोकांना पातं असतं. कनू वरून उघडी असते. तिच्यात गुडघे टेकून किंवा फळीवर बसतात आणि वल्ह्याला एकच पातं असतं.

वाटेच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे ते माप. साधी कयाक तीन मीटरच्या आसपास भरते, लांब पल्ल्याची पाच मीटरपर्यंत जाते. दोघांची कनू साधारण पाच मीटर लांब आणि ९० सेंमी रुंद असते. वजन १५ ते ४० किलो. थोडक्यात, ही होडी माणूस उचलून नेतो. तिला ट्रेलर लागत नाही, क्रेन लागत नाही. पण ती खांद्यावर घेतलेल्या माणसाला कोपऱ्यात वळता येत नाही आणि पायाखालचं नीट दिसत नाही. वाट आखणाऱ्याने हे एक चित्र डोळ्यांसमोर ठेवलं तरी निम्म्या चुका टळतात.

नदी सगळ्यांची असते ना? मग वाट मागायची कशाला?

'नदी' म्हणताना आपण तीन वेगवेगळ्या गोष्टींना एकच नाव देतो: वाहतं पाणी, त्याखालचा तळ आणि बाजूचा काठ. कायद्यात या तिन्हींचे मालक वेगळे असू शकतात. वाहतं पाणी, हवा, समुद्र आणि समुद्रकिनारा या गोष्टी निसर्गतः सर्वांच्या, असं रोमन सम्राट जस्टिनियनच्या इ. स. ५३३ च्या कायद्याच्या पाठ्यग्रंथात लिहिलेलं आहे. आज ज्याला 'सार्वजनिक विश्वस्ततेचं तत्त्व' म्हणतात (अशा गोष्टी सरकारने लोकांच्या वतीने सांभाळायच्या) त्याची मुळं तिथवर जातात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९२ मध्ये शिकागोच्या सरोवरकाठाबद्दलच्या खटल्यात ते तत्त्व उचलून धरलं. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने बियास नदीच्या काठावरल्या बांधकामाच्या प्रकरणात, एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या निकालात, ते आपल्या कायद्याचा भाग असल्याचं सांगितलं.

पण तत्त्व पाण्याबद्दल बोलतं, कुंपणाबद्दल नाही. पाणी सर्वांचं असलं, तरी तिथवर पोचायला कुणाच्या तरी शेतातून, बागेतून किंवा पुलाच्या भरावावरून उतरावं लागतं. म्हणून वाट मागावी लागते.

वेगवेगळ्या देशांत हा हक्क कसा आहे?

इतका वेगळा की एका देशातला शहाणपणा दुसऱ्या देशात गुन्हा ठरू शकतो.

नॉर्वेत १९५७ पासून मोकळ्या निसर्गात वावरण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे आणि त्यात पाणीही येतं. स्वीडनमध्ये हा हक्क मुळात परंपरेचा. १९९४ पासून राज्यघटनेत त्याचा उल्लेख आहे. स्कॉटलंडने २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने जमिनीवर आणि अंतर्गत जलाशयांवर जबाबदारीने वावरण्याचा हक्क सगळ्यांना दिला. फ्रान्सच्या पर्यावरण संहितेत इंजिन नसलेल्या होड्या नदीतून मुक्तपणे जाऊ शकतात असं तत्त्व नोंदलेलं आहे. स्थानिक नियम आणि काठमालकांचे हक्क मात्र पाळायचे.

स्कॉटलंडची सीमा ओलांडून इंग्लंडमध्ये आलात की चित्र पालटतं. इंग्लंड आणि वेल्समधल्या नद्यांच्या एकूण लांबीपैकी जेमतेम ४ टक्क्यांवर नौकानयनाचा निर्विवाद सार्वजनिक हक्क आहे, असं तिथली वल्हेकऱ्यांची राष्ट्रीय संघटना वर्षानुवर्षं सांगत आली आहे. बाकी नद्यांवर हक्क आहे की नाही यावरच वाद आहे. त्यामुळे माणूस वल्हं मारताना अर्धं लक्ष काठाकडे ठेवतो, कोण ओरडतंय का म्हणून.

अमेरिकेत राज्यागणिक फरक. मोन्टाना राज्यात १९८४ च्या दोन निकालांनंतर १९८५ मध्ये कायदा झाला. नेहमीच्या भरपाण्याची खूण जिथवर असते तिथवर नदी लोकांना वापरता येते, मग तळ कुणाच्याही मालकीचा असो. कोलोरॅडो राज्यात १९७९ मध्ये याच्या उलट घडलं: खासगी जमिनीतून वाहणाऱ्या नदीत तराफ्याने तळाला घासत गेलेल्यांना अतिक्रमणासाठी दोषी धरलं गेलं. न्यू मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पुन्हा लोकांच्या बाजूने कौल दिला; सार्वजनिक पाणी वापरताना गरजेपुरता खासगी तळाला पाय लागला तरी चालतो, असं त्याचं सार.

तळाला पाय लागला की नाही यावर खटले चालतात हे ऐकून हसू येतं. पण उथळ पाण्यात होडी अडकली की उतरून ओढावीच लागते, त्यामुळे वल्हेकऱ्यासाठी हा प्रश्न अगदी रोजचा आहे.

कामाला सुरुवात कुठून करायची?

नकाशावर नदीला जिथे जिथे सार्वजनिक रस्ता भेटतो त्या जागा आधी शोधा. पूल, जुने उतार, बंद पडलेले तरीचे धक्के, गुरांच्या पाणवठ्याच्या वाटा, पाणीपुरवठ्याच्या विहिरींकडे जाणाऱ्या पाणंदी. मराठीत नदी पायी ओलांडण्याच्या जागेला 'उतार' म्हणतात, आणि होडी उतरवायलाही अनेकदा तीच जागा सगळ्यात सोयीची निघते. तिथे काठ सखल असतो, तळ कठीण असतो आणि वहिवाट शेकडो वर्षांची असते. पूल झाला, उतार विस्मरणात गेला, कुणीतरी वाटेवर तार ओढली. अशा जागेवर नवा हक्क मागावा लागत नाही, जुना दाखवावा लागतो. म्हणून जुने महसुली नकाशे आणि गावातली म्हातारी माणसं या दोन्हींकडे आधी जा.

पुलांचं वेगळं सांगायला हवं. रस्त्याची सार्वजनिक हद्द पुलापाशी थेट पाण्यावर येते, तरी कठड्याला जोडून काठापर्यंत कुंपण घातलेलं सर्रास दिसतं. मोन्टानात यावरून बराच काळ भांडण चाललं आणि २००९ मध्ये वेगळा कायदा करून पुलालगतच्या सार्वजनिक हद्दीतून नदीत उतरण्याचा हक्क स्पष्ट करावा लागला. गुरं अडवायला कुंपण ठेवा, पण माणसाला जाता येईल असं ठेवा, असा तो तोडगा. नवा पूल बांधला जात असेल तर आराखडा ठरतानाच एका बाजूने पायवाट मागा. कंत्राटदाराची यंत्रं तिथे आलेली असताना पायवाट किरकोळ काम असते, नंतर तीच वेगळा प्रकल्प होते.

जागांची यादी झाली की प्रत्येक जागी खरी होडी घेऊन जा. हे वाक्य मी मुद्दाम लिहितो आहे. एका बैठकीत आम्ही कागदावर उत्तम दिसणारी जागा पक्की केली होती. होडी घेऊन गेलो तेव्हा कळलं की मोटारसायकली अडवायला वाटेच्या तोंडाशी नागमोडी लोखंडी अडसर लावलेत. रिकाम्या हाताने चालणारा माणूस त्यातून सहज गेला, पाच मीटरची कनू काही केल्या वळेना. शेवटी ती चौघांनी डोक्यावरून पलीकडे दिली.

दोन जागांमध्ये अंतर किती असावं?

संथ पाण्यात रमतगमत वल्हं मारणारा माणूस तासाला चार-पाच किलोमीटर जातो. नवशिक्याला दोन तास पुरे होतात, म्हणजे आठ-दहा किलोमीटर. त्याहून लांब टप्प्यात मधेच बाहेर पडायला जागा नसेल, तर वारा उलटा फिरला, कुणाला चक्कर आली, अंधार पडू लागला, की पंचाईत.

इथे एक चूक हमखास होते. सगळं लक्ष उतरायच्या जागेवर जातं आणि बाहेर पडायच्या जागेचा विचार राहून जातो. माझं मत विचाराल तर पैसे एकाच जागेपुरते असतील तेव्हा खालच्या बाजूची, बाहेर पडायची जागा आधी बांधा. उतरताना माणूस ताजातवाना असतो, चिखलातूनही जाईल. बाहेर पडताना तो दमलेला, भिजलेला असतो आणि होडीत पाणी साचून ती जड झालेली असते.

चांगली जागा ओळखायची कशी?

वळणावर नदी बाहेरचा काठ खाते आणि आतल्या बाजूला वाळू-गोटे टाकते. म्हणून बाहेरच्या काठावर बांधलेलं काही टिकत नाही, आणि आतल्या बाजूला फार आत गेलात तर दर पावसाळ्यानंतर गाळ उपसत बसावं लागतं. सरळ टप्पा, किंवा एखाद्या खडकाच्या आडोशाने पाणी संथ झालेली जागा बरी. होडीत बसताना एक पाय काठावर आणि एक होडीत असा क्षण येतोच. त्या क्षणी प्रवाहाने होडी ओढता कामा नये.

खालच्या अंगाला लगेच झाडं पडलेली, फांद्या पाण्यात लोंबणारी जागा असेल तर ती सोडून द्या. फांद्यांतून पाणी जातं, माणूस अडकतो.

रॅम्प बांधावा, जेट्टी की पायऱ्या?

पाण्याची पातळी वर्षभरात किती खाली-वर होते त्यावर हे ठरतं. पातळी जवळपास स्थिर असलेल्या तलावावर किंवा कालव्यावर बुटकी जेट्टी उत्तम. बुटकी म्हणजे पाण्यापासून १५ ते २० सेंमी. कयाकमध्ये बसलेल्या माणसाची बैठक जवळपास पाण्याच्याच पातळीवर असते. अर्ध्या मीटर उंचीच्या धक्क्यावरून तिच्यात उतरणं म्हणजे स्टुलावरून सायकलच्या सीटवर उडी मारणं, आणि सायकल निदान जमिनीवर तरी असते.

पातळी दोन-तीन मीटर बदलत असेल तर स्थिर जेट्टी वर्षातला बराच काळ एकतर बुडालेली असते किंवा हवेत लटकलेली. तिथे तरंगती जेट्टी आणि तिला जोडणारा बिजागरीचा पूल लागतो, किंवा काठाच्या उतारावर पसरलेल्या लांब-रुंद पायऱ्या. पायऱ्यांचा फायदा असा की पाणी कुठल्याही पातळीला असो, कुठली तरी पायरी नेमकी पाण्यालगत असते. नद्यांवरचे घाट याच हिशेबाने बांधलेले असतात. मात्र घाटाच्या पायऱ्या दगडी धारेच्या असतात आणि होडीचा तळ त्यावर खरवडून निघतो. एका कडेला होडी सरकवायला लाकडाची किंवा रबराची पट्टी दिली की प्रश्न मिटतो.

साधा गोटे-मुरुमाचा उतार खूपदा सगळ्यात चांगला ठरतो. तो स्वस्त असतो, काठाशी एकजीव होतो आणि पुराने बिघडला तर फावड्याने सारखा करता येतो. प्रवाहाचा जोर जास्त असेल तर खाली प्लॅस्टिकच्या जाळीचे कप्पे अंथरून त्यात खडी भरतात, म्हणजे ती वाहून जात नाही. उतार प्रवाहाच्या दिशेला किंचित तिरका ठेवा. काटकोनात ठेवलात तर वाहून आलेला कचरा त्यात गोळा होतो.

गुळगुळीत काँक्रीट मात्र टाळाच. पाण्याच्या रेषेवर त्याला महिन्याभरात शेवाळ धरतं. ओल्या रबरी चपला, हातात होडीचं एक टोक आणि खाली हिरवी साय: दुसरं टोक धरलेला माणूस आधी घसरतो, मग होडी त्याच्यावर येते. काँक्रीट करायचंच तर ओलं असताना आडव्या खोल खाचा पाडून घ्या.

मोटरबोटींचा रॅम्प आहे. तोच वापरला तर?

चालतं, पण कुणालाच सुख नाही. ट्रेलर घेऊन आलेल्याला दोन मिनिटांत बोट सोडायची असते. वल्हेकरी तिथेच सामान पसरून, जॅकेट घालून, वल्हं जोडून वीस मिनिटं घेतो. भांडण ठरलेलं. रॅम्पच्या कडेला, थोडं हटून, दहा-पंधरा मीटरचा वेगळा काठ द्या आणि वर सामान लावायला एक सपाट मोकळी जागा. बस.

गाडी किती जवळ यायला हवी?

होडी उतरवण्यापुरती जवळ, उभी करायला लांब असली तरी चालेल. ३० किलोची होडी ५० मीटर नेणं ठीक, २०० मीटर नेणं म्हणजे दोनदा खाली ठेवणं आणि पुढच्या वेळी न येणं. काठाशी पाच मिनिटं थांबण्यापुरती जागा आणि दूर वाहनतळ ही रचना झाडंही वाचवते. वाहनतळावर दोन-चार जागा लांब ठेवा, कारण टपावर होडी बांधलेली गाडी पुढे-मागे मीटरभर बाहेर येते.

वाटेत बंधारा आहे. मग?

या पानावरचा सगळ्यात गंभीर प्रश्न हा आहे, म्हणून जरा सविस्तर.

मीटर-दीड मीटर उंचीचे बुटके बंधारे धबधब्यापेक्षा धोकादायक असतात, हे सांगूनही पटत नाही. सांडव्यावरून पडणारं पाणी तळाला आपटतं, थोडं पुढे जाऊन वर येतं आणि पृष्ठभागावरून पुन्हा बंधाऱ्याकडे वळतं. त्यात सापडलेली वस्तू वर येते, मागे खेचली जाते, पुन्हा पडत्या पाण्याखाली जाते. नैसर्गिक धबधब्यात कुठेतरी फट असते, पाणी वेडंवाकडं पडतं. बंधारा काठापासून काठापर्यंत एकसारखा असतो, म्हणून सुटायला बाजू नसते. लाइफ जॅकेट घातलेला, पोहता येणारा माणूसही त्यात बुडतो. वाचवायला गेलेलेही अनेकदा सापडतात.

आणि तो वरून दिसत नाही. कयाकमध्ये बसलेल्याची नजर पाण्यापासून जेमतेम ७०-८० सेंमी वर असते. त्याला समोर दिसते ती पाण्याची एक सरळ, शांत, आडवी रेघ. तिच्यापलीकडे झाडांचे फक्त शेंडे दिसू लागले की समजायचं खाली काहीतरी आहे. तोवर कधीकधी उशीर झालेला असतो.

म्हणून बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला, प्रवाह ओढू लागण्याच्या बऱ्याच आधी, बाहेर पडायची जागा हवी. पाटी नदीकडे तोंड करून हवी (रस्त्याकडे तोंड केलेल्या पाट्या मी मोजल्या आहेत, बऱ्याच निघाल्या). कोणत्या काठाला वळायचं ते बाणाने दाखवा आणि अंतर लिहा. तिथून होडी उचलून बंधाऱ्याच्या खाली नेण्याची पायवाट असावी आणि तिचं खालचं टोक उसळत्या पाण्यापासून लांब, संथ पाण्यात उघडावं. बंधाऱ्याच्या भिंतीलगतच उतरवणारी पायवाट नसलेली बरी.

याहून चांगले उपायही आहेत. जर्मनीत माशांना बंधारा पार करता यावा म्हणून केलेल्या वाटेत लवचीक ब्रशचे गुच्छ बसवतात. मासे त्यांच्या आडोशाने वर चढतात आणि कनू त्यांच्यावरून घसरत खाली जाते. कुठे सांडव्याखाली दगडांचा लांब उतार करून उलटं वळणारं पाणी मोडतात. आणि ज्या बंधाऱ्याचा उपयोगच संपलाय तो काढूनही टाकतात. अमेरिकेत मेन राज्यातल्या केनेबेक नदीवरचं एडवर्ड्स धरण १९९९ मध्ये काढलं, तर वॉशिंग्टन राज्यातल्या एल्व्हा नदीवरची दोन धरणं २०११ ते २०१४ या काळात पाडली. हेतू मुख्यतः माशांचा होता. वल्हेकऱ्यांना नदी आयती मोकळी मिळाली.

धरणामुळे नदीत पाणीच नसतं. तेही मागता येतं का?

मागता येतं, पण वेळ साधावी लागते. अमेरिकेत खासगी जलविद्युत प्रकल्पांना ३० ते ५० वर्षांचा परवाना मिळतो. नूतनीकरणाच्या वेळी मनोरंजनाचा उपयोगही विचारात घ्यावा लागतो. १९५४ मध्ये स्थापन झालेली 'अमेरिकन व्हाइटवॉटर' ही संस्था अशा सुनावण्यांना चिकाटीने बसते आणि वर्षातल्या ठरावीक दिवशी पाणी सोडण्याच्या अटी परवान्यात घालून घेते. संधी एकदा हुकली की पुढची पिढीच पुन्हा मागू शकते.

पाणी सोडण्याची वेळ आधी जाहीर होणं हाही हक्काचाच भाग धरा. अचानक सोडलेल्या पाण्यात काठावर जेवायला बसलेली माणसं वाहून जातात.

अपंग व्यक्तींसाठी काय करावं लागेल?

जे कराल ते म्हाताऱ्यांना, मुलांना आणि पाठ दुखणाऱ्यांना, म्हणजे हळूहळू आपल्या सगळ्यांनाच लागणार आहे.

चाकाच्या खुर्चीसाठी उताराचं सर्वमान्य प्रमाण १:१२ आहे, म्हणजे एक मीटर उतरायला १२ मीटर लांबी. काठ दोन मीटर उंच असेल तर २४ मीटर, अधिक मधले सपाट टप्पे. ही लांबी काठाला समांतर, वळणं घेत बसवावी लागते, म्हणून जागा निवडतानाच सखल काठ पाहा.

खाली पोचल्यावर खरी कसरत सुरू होते. खुर्चीची बैठक जमिनीपासून ४५-५० सेंमी वर, होडीची बैठक पाण्यालगत. मधे पायऱ्यापायऱ्यांचं बाक दिलं तर माणूस खुर्चीतून बाकावर, एकेक पायरी खाली सरकत होडीपर्यंत येतो. होडी त्या वेळी रुळांवर किंवा पाळण्यात घट्ट बसलेली हवी आणि डोक्यावर पकडायला आडवा बार हवा. ही रचना अंगाने धडधाकट माणसांनी एकदा स्वतः पाय न वापरता करून पाहावी. बार कुठे चुकलाय ते नकाशा न बघता कळतं.

जमीनमालक म्हणतात, कुणी बुडालं तर आम्ही अडकू. खरं आहे का?

भीती खरी आहे, म्हणून तिला हसू नका. पण अनेक ठिकाणी कायद्याने तिची सोय केलेली आहे. अमेरिकेतल्या सगळ्या ५० राज्यांत असे कायदे आहेत की मालकाने पैसे न घेता लोकांना मनोरंजनासाठी जमीन वापरू दिली, तर त्याची जबाबदारी बरीच कमी होते. फी घेतली की हे संरक्षण सहसा जातं. 'दहा-वीस रुपये ठेवू का?' असं विचारणाऱ्या मालकाने आधी वकिलाला विचारावं.

दुसरी भीती वहिवाटीची: आज वाट दिली तर उद्या तो हक्कच होईल. इंग्लिश कायद्याच्या परंपरेत, परवानगीने केलेल्या वापरातून वहिवाटीचा हक्क तयार होत नाही. म्हणजे लेखी परवानगी मालकालाच सुरक्षित करते. त्या कागदावर महिने, वेळा, वाटेची रुंदी, कचरा कोण उचलणार आणि करार कधी संपणार एवढं लिहा. फाटक उघडं दिसलं तर उघडं, बंद दिसलं तर बंद ठेवायचं हेही लिहा, कारण मालकाचा राग बहुधा होडीवर नसतो, त्या दिवशी बाहेर पळालेल्या म्हशीवर असतो.

गळ टाकून बसणाऱ्यांशी जमेल का?

जमतं. त्यांच्या दोरीच्या पलीकडून, आवाज न करता जायचं आणि थांबून पाहायचं नाही. उतरायची जागा त्यांच्या आवडीच्या डोहापासून दूर ठेवा. बाकी, नदी स्वच्छ राहावी असं मनापासून वाटणारे हेच दोन गट असतात, त्यामुळे प्रदूषणाच्या तक्रारीवर सह्या एकत्र केल्यात तर पुढचं सोपं जातं.

पक्षी, मासे यांना त्रास होणार नाही का?

होऊ शकतो. वाळूच्या बेटांवर आणि गोट्यांवर पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. ती दिसत नाहीत आणि पायाखाली येतात. काही मासे उथळ गोट्यांत अंडी घालतात आणि तिथे होडी ओढत नेली की ती चिरडतात. अशा महिन्यांपुरती जागा बंद ठेवणं वल्हेकऱ्यांनी स्वतःहून मान्य करावं. बांधलेल्या एका जागेमुळे दहा ठिकाणी तुडवला जाणारा काठ वाचतो, हेही तितकंच खरं.

त्याहून मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर २००४ मध्ये डिडिमो नावाचं परकं सूक्ष्म शेवाळ सापडलं. ते नद्यांच्या तळावर गोधडीसारखं पसरतं आणि ओल्या बुटाच्या तळव्यात उरलेल्या थेंबातूनही दुसऱ्या नदीत पोचू शकतं. उत्तर अमेरिकेत झेब्रा शिंपल्यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटापासून सरोवरांमागून सरोवरं व्यापली. उपाय साधा आहे: तपासा, धुवा, पूर्ण वाळवा, मग दुसऱ्या पाण्यात जा. म्हणून प्रत्येक जागी पाण्याचा नळ आणि होडी उलटी ठेवायला घोडी द्या. धुतलेलं पाणी नदीत परत न जाता गवतात जिरेल अशी उताराची दिशा ठेवा.

पैसा कुठून येतो?

प्रत्येक देशाचा मार्ग वेगळा. अमेरिकेत १९६५ पासूनचा जमीन व जल संवर्धन निधी समुद्रातल्या तेल-वायूच्या उत्पन्नावर चालतो, आणि २०२० पासून त्याला वर्षाला ९० कोटी डॉलर कायमचे बांधून दिले आहेत. ब्रिटनच्या अनेक कालव्यांवर होडीला परवाना लागतो आणि वल्हेकऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या सभासदत्वात तो येतो. पैशांपेक्षा जास्त अडतं ते दुसरीकडेच: बांधायला निधी मिळतो, सांभाळायला मिळत नाही. अर्ज करतानाच देखभालीचं काम कुणाकडे राहणार ते ठरवा.

पाटीवर काय लिहायचं?

या जागेचं नाव, खालच्या जागेचं नाव आणि अंतर, मधले धोके, मदतीला कोणता नंबर लावायचा, आणि कोणत्या पातळीला नदीत उतरू नये. पातळीसाठी पुलाच्या खांबावर रंगाचे पट्टे मारा. 'इतके घनमीटर प्रतिसेकंद' वाचून नवशिक्याला काही बोध होत नाही, लाल पट्टा बुडालेला मात्र कळतो. नियमांची लांबलचक यादी नको. ती कोणी वाचत नाही, मीही वाचत नाही.

पूर येऊन गेल्यावर काय करायचं?

पाणी ओसरलं की दोन-तीन दिवसांत कुणीतरी जाऊन बघायचं. गाळ ओला असेपर्यंत फावड्याने निघतो, एकदा वाळला की कुदळ लागते. तरंगती जेट्टी पावसाळ्याआधीच सोडवून वर बांधून ठेवलेली असावी. वरून वाहून आलेली तार, दोर आणि जाळी आधी काढा, लाकूड नंतर. पायऱ्यांच्या खालची माती वाहून गेली आहे का ते काठीने टोचून पाहा, वरून पायरी जागच्या जागी दिसते. पाटी सरळ उभी असली तरी तिचा बाण अजून बरोबर काठाकडे आहे का तेही पाहा, कारण एका पुरानंतर आमची जागा डाव्या काठावरच राहिली होती आणि नदीचा मुख्य प्रवाह उजवीकडे सरकला होता.